बीएसए बँटम स्क्रॅम्बलसाठी तयार करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँटम ही बीएसए या ब्रिटिश कंपनीची छोटी टू-स्ट्रोक मोटरसायकल. ब्रिटनमधल्या प्री-६५ स्क्रॅम्बलमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या खडबडीत मैदानावरच्या शर्यतीत, उतरवायच्या बँटमबद्दल हे पान आहे. डोळ्यांसमोर मुख्यतः तिचं डी७ मॉडेल ठेवलं आहे. बहुतेक गोष्टी डी१ आणि डी३लाही लागू पडतात, जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

कोणती बँटम घ्यावी?

बँटम १९४८ ते १९७१ या काळात निघाली. मुळात हा युद्धानंतर ब्रिटनच्या हाती आलेला जर्मन डीकेडब्ल्यू आरटी १२५ या मोटरसायकलचा आराखडा. डी१ म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२ × स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५८ मि.मी., १२३ सीसी. डी३ला बोअर ५७ झाला आणि इंजिन १४८ सीसीचं झालं. डी५ आणि डी७ला बोअर ६१.५, म्हणजे साधारण १७२ सीसी. स्ट्रोक सगळीकडे ५८च.

डी७ (१९५९ ते १९६६) घ्या. तिला स्विंगआर्म आहे, फोर्क जाड आहे, ब्रेक साडेपाच इंची आहेत आणि सुटे भाग सहज मिळतात. डी१ दिसायला गोड, पण तिच्या सुरुवातीच्या फ्रेमला मागे सस्पेन्शनच नाही, नंतरच्या प्लंजरची (चाकाच्या आसाशी बसवलेल्या स्प्रिंगची) हालचाल जेमतेम. पहिल्या उडीनंतर पाठीचा कणा हिशोब मागतो.

‘प्री-६५’ म्हणजे नक्की काय काय चालतं?

ढोबळ अर्थ असा, की गाडी १९६४ अखेरपर्यंतच्या रचनेची हवी. डी७चं उत्पादन १९६६पर्यंत चाललं, त्यामुळे १९६५-६६ची फ्रेम असेल तर ‘त्याच प्रकारची’ म्हणून ती चालते का, हे आयोजकांना आधी लेखी विचारा. अमल कंपनीचा कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटर १९६७चा, चार गिअरचा बॉक्सही डी७च्या नंतरचा. काही क्लब याकडे काणाडोळा करतात, काही करत नाहीत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, सस्पेन्शनची हालचाल, अॅल्युमिनियमचा स्विंगआर्म यांबाबतही तसंच. त्या शर्यतीची नियमपत्रिका वाचल्याशिवाय एकही भाग मागवू नका.

आधी ताकद वाढवू का?

नको. डी७ कारखान्यातून ७.४ अश्वशक्तीची निघाली. त्यात दोनाची भर पडली तरी चिखलात ती कुठे गेली कळत नाही. उलट सस्पेन्शन, टायर आणि गिअरिंग जमलं, तर तीच गाडी लॅपमागे कितीतरी जलद फिरते. बँटम शर्यत हरते ती बहुधा बंद पडून. त्यातही हवा नको तिथून शिरल्यामुळे, प्लग काजळल्यामुळे किंवा काहीतरी ढिलं होऊन पडल्यामुळे. आधी हे तीन दरवाजे बंद करा.

इंजिन उघडल्यावर काय काय पाहायचं?

क्रँक दाबून जोडलेला आहे. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा. बाजूला थोडी हालचाल चालते, उभी अजिबात नको. उभी जाणवली की बिग-एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेला. क्रँक पुन्हा जुळवल्यावर दोन्ही टोकांना डायल गेज लावून फिरवा. वाकडेपणा ०.०५ मि.मी.च्या आत हवा. जास्त असेल तर मॅग्नेटोचा (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) पॉइंट गॅप प्रत्येक फेरीत बदलतो आणि तुम्ही उगाच इग्निशनला दोष देत बसता.

सिलिंडर बिडाचा आहे. बोअर करून घेताना हातात नवा पिस्टन असल्याशिवाय मशीनवाल्याकडे जाऊ नका. स्कर्टपाशी साधारण ०.०९ ते ०.११ मि.मी. मोकळीक ठेवतात, पण पिस्टनसोबत वेगळा आकडा आला असेल तर तो पाळा. रस्त्यावरच्या घट्ट मापाने केलेला बोअर शर्यतीत पाचव्या मिनिटाला पकडतो. रिंगची टोकं बोअरमध्ये ठेवून मोजा, ०.२५ ते ०.३३ मि.मी. असावीत. सिलिंडर बसवताना ती टोकं पिस्टनवरच्या पिनांवरच आली आहेत ना, हे बोटाने चाचपा. पिनेवर चढलेली रिंग जोर लावला की मोडते.

आता ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं ते. बोअर केल्यानंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. लहान दगडाने प्रत्येक पोर्टची कड, विशेषतः वरची आणि खालची, सुमारे अर्धा मि.मी. गोलसर करा. बोट फिरवल्यावर कुठेही अडकता कामा नये. हे केलं नाही तर रिंग पोर्टवरून जाताना थोडी बाहेर फुगते, कडेला आपटते आणि तुकडा सिलिंडरभर फिरतो. मग गरम पाण्यात साबण घालून सिलिंडर ब्रशने धुवा आणि लगेच ऑइल लावा. नुसत्या पेट्रोलने होनिंगची बारीक पूड निघत नाही. पांढरं फडकं आतून फिरवून ते राखाडी होत असेल, तर पुन्हा धुवा.

हवा शिरते कुठून, आणि ते शोधायचं कसं?

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे पंप. पंपाला भोक असेल तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि पकडतो. संशयित ठरलेले आहेत : क्रँकचे दोन ऑइल सील, केसच्या दोन अर्ध्यांमधला सांधा, सिलिंडरखालची गास्केट आणि कार्बची बैठक.

दोन सील वेगवेगळी लक्षणं दाखवतात. मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला तर बाहेरची कोरडी हवा आत येते. इंजिन बंद केल्यासारखं होऊन पुन्हा वर चढतं, आयडल स्थिर राहत नाही, प्लग पांढरा पडतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. धूर थांबत नाही, प्लग ओला येतो आणि गिअरबॉक्सची पातळी का घटते ते कळत नाही.

चाचणी घरी करता येते. एक्झॉस्ट पोर्टवर रबर आणि पत्र्याची पट्टी आवळा. इनलेटला रबरी बूच बसवा, बुचातून सायकल ट्यूबचा व्हॉल्व्ह आरपार काढा. पिस्टन सगळ्यात वर आणा. त्या स्थितीत इनलेट पोर्ट थेट क्रँककेसमध्ये उघडतो, म्हणून तुमची हवा नेमकी हवी तिथे जाते. हातपंपाने ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब भरा. जास्त भरलात तर सीलची ओठं उलटतील. एका मिनिटात काटा एक पीएसआयपेक्षा जास्त खाली आला तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशने लावत जा, मॅग्नेटोची प्लेट काढून सीलच्या ओठालाही लावा. क्लचच्या बाजूला फेस दिसत नाही, तिथे गिअरबॉक्सच्या ऑइल भरायच्या भोकाला कान लावा. फुसफुस ऐकू येते.

जुने सील ‘चांगले दिसतात’ म्हणून ठेवू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या रबराचा ओठ ताठ झालेला असतो. नवे बसवताना शाफ्टवर सील घासून पडलेली खाच नखाला लागते का पाहा. लागत असेल तर नवा सीलही तिथेच गळेल, म्हणून तो मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवा.

पिस्टन पकडला. पुन्हा बोअर करण्याआधी कारण कसं ओळखायचं?

पिस्टन फेकू नका, तोच साक्षीदार आहे. चारही कोपऱ्यांवर उभे ओरखडे असतील तर मोकळीक कमी होती किंवा थंड इंजिन पिळलं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ, टायमिंग पुढे किंवा ऑइल कमी. इनलेटच्या बाजूला करडी, वाळूने घासल्यासारखी झीज असेल तर धूळ आत गेली आहे, दोष फिल्टरचा. माथ्यावर मिरीएवढे खड्डे असतील तर इंजिन ठोकत होतं.

इग्निशन जुनंच ठेवावं की बदलावं?

नियम परवानगी देत असतील आणि खिसा साथ देत असेल तर बॅटरीशिवाय चालणारं इलेक्ट्रॉनिक बसवा. नसेल तर विपॅक कंपनीची मूळ यंत्रणाही पुरते, पण कॉइल आणि कंडेन्सर नवे हवेत. थंड गाडी एका किकमध्ये सुरू होते आणि दहा मिनिटांनी मरते, पुन्हा थंड झाल्यावर शहाण्यासारखी चालू होते, ही खोड नव्वद टक्के वेळा कॉइल किंवा कंडेन्सरची असते. कार्ब उघडून वेळ घालवू नका.

पॉइंट पूर्ण उघडले असताना गॅप ०.०१२ ते ०.०१५ इंच. आधी गॅप, मग टायमिंग. उलट केलं तर टायमिंग पुन्हा हलतं. डी७चं टायमिंग पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी १/१६ इंच, म्हणजे १.६ मि.मी. डी१चं ५/३२ इंच, सुमारे ४ मि.मी. ही मापं एकमेकांना लावू नका. प्लगच्या भोकातून डायल गेज सोडा, पिस्टन वर आणून काटा शून्यावर करा. मग फिरण्याच्या दिशेच्या उलट ३ मि.मी. मागे न्या आणि पुन्हा पुढे आणत १.६ला थांबा. असं केल्याने बिग-एंडमधली ढील मोजमापात येत नाही. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढत राहा. नेमका इथे तो सुटला पाहिजे.

फ्लायव्हील काढायला त्याचा स्वतःचा पुलरच वापरा. हातोडीने क्रँक वाकतो आणि चुंबकाचा जोरही उतरतो.

प्लगचा आटा किती लांब हवा ते हेडच्या भोकात मोजून पाहा. लांब प्लग पिस्टनला लागतो, आखूड प्लगने उरलेल्या आट्यात काजळी साचते.

कार्ब्युरेटरचं जेटिंग कसं करायचं?

आधी बैठक. क्लिपची असो वा फ्लँजची, काचेवर घासकागद ठेवून तिचा पृष्ठभाग सपाट आहे का बघा. नट जास्त आवळून वाकलेली फ्लँज हे जुन्या अमलचं नेहमीचं दुखणं.

अमलच्या मेन जेटवरचा आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल जास्त. नवा फिल्टर किंवा नळी लावली की मूळ जेटपेक्षा १० ते २० आकड्यांनी मोठा घालून सुरुवात करा आणि खाली या. जाड मिश्रणाने गाडी फक्त गुरगुरते, पातळने पिस्टन जातो. तपासायला लांब चढावर पूर्ण थ्रॉटलवर चालवा आणि त्याच स्थितीत क्लच दाबून इंजिन बंद करा. प्लग काढा. विटकरी-तपकिरी रंग ठीक. पांढरा असेल तर थांबा, मोठा जेट घाला.

थ्रॉटलचा पहिला आठवा हिस्सा पायलटचा (आयडलच्या छोट्या जेटचा), तिथून पावपर्यंत स्लाइडच्या कटअवेचा (तिच्या खालच्या तिरक्या कापाचा), पाव ते पाऊण सुईचा आणि पुढे मेन जेटचा. हँडलवर रंगाच्या चार रेघा मारून घ्या, म्हणजे गाडी नेमकी कुठे अडखळते ते अंदाजाने सांगावं लागत नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल किती?

कारखान्याचं प्रमाण त्या काळच्या ऑइलसाठी २० ते २४ला १ होतं. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलने शर्यतीला २५ ते ३२ला १ पुरतं. पाच लिटर पेट्रोलला २५:१ म्हणजे २०० मि.ली., ३२:१ म्हणजे १५६ मि.ली. प्रमाण बदललं की जेटिंगही बदलतं. ऑइल वाढवलं की तेवढंच पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण पातळ होतं. हे पुष्कळांना उलटं वाटतं.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालं. शर्यतीला ई५ सुपर भरा आणि दिवस संपल्यावर टाकी आणि फ्लोट बोल रिकामा करा. फायबरग्लासची जुनी टाकी असेल तर इथेनॉलने तिचं आतलं अस्तर सुटून चिकट थर जेटमध्ये जातो. अशा टाकीवर भरवसा ठेवू नका.

गिअरिंग किती ठेवावं?

बँटमला स्क्रॅम्बलसाठी जे काही द्यायचं त्यात सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, आणि खर्च सगळ्यात कमी.

डी७च्या प्रायमरीचे (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचे) दाते १७ आणि ३८, म्हणजे २.२३५. पुढे १६ आणि मागे ४७ दात्यांवर टॉप गिअरचं एकूण प्रमाण ६.५७ येतं. मागच्या चाकाचा घेर दोन मीटर धरला तर ५५०० आरपीएमला ताशी सुमारे १०० कि.मी. मैदानावर त्याचा काय उपयोग! तीन गिअरांत दुसरा आणि तिसरा यांत मोठी दरी आहे. टॉप उंच असेल तर चढावर तो ओढत नाही, दुसऱ्यात इंजिन किंचाळतं, आणि तुम्ही मध्येच लटकता.

पुढच्या काळात कारखान्याने बँटम बुशमन काढली तेव्हा मागे ५८ दाते दिले. १६/५८ म्हणजे ८.१, त्याच फेऱ्यांना ताशी सुमारे ८२ कि.मी. बहुतेक मैदानांसाठी इथून सुरुवात करा. चिखल किंवा वाळू असेल तर पुढे १५ लावा (८.६४). पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागे साधारण साडेतीन ते चार दाते वाढवण्यासारखं. मात्र पुढे १४च्या खाली गेलात तर चेन फार लहान वळणावर वाकते आणि लवकर झिजते.

चेनची ढील गाडीवर बसून, चाकाचा अक्ष, स्विंगआर्मचा बुश आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत असताना मोजा. तिथे चेन सगळ्यात ताणलेली असते. तेव्हा १० ते १५ मि.मी. वर-खाली हलली पाहिजे. स्टँडवर बघून घट्ट केलेली चेन उडीत गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर सूड काढते.

क्लच घसरतो. जाड स्प्रिंग घालू का?

आधी कारण शोधा. मूळ प्लेटांवर बुचाचे तुकडे असतात. ते चकाकत असतील किंवा आधुनिक मोटारीचं घर्षण कमी करणारं ऑइल भरलं असेल तर क्लच घसरणारच. मोटरसायकलचं साधं ऑइल घाला. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवा, खालून फीलर गेज जात असेल तर बदला. बास्केटच्या खाचांत प्लेटांनी पाडलेले खड्डे असतील तर क्लच धड सुटत नाही. खाचा कानसने सरळ करा. क्लच मोठ्या सर्किपवर बंद होतो, तो काढण्या-बसवण्यासाठी दाबणारं हत्यार आधीच करून ठेवा. हाताने प्रयत्न केला की स्प्रिंगा खोलीभर शोधाव्या लागतात.

एक्स्पान्शन चेंबर लावला तर?

एक्स्पान्शन चेंबर म्हणजे मधे फुगलेला एक्झॉस्ट पाइप. तीन गिअरवर तो नको. चेंबर ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात जोर देतो आणि खाली तो काढून घेतो. पट्टा अरुंद आणि गिअर तीनच, मग प्रत्येक बदलाला इंजिन त्याबाहेर पडतं. मूळ व्यासाचा पाइप वर वळवून घ्या, सायलेन्सर साफ करा, आवाजाची मर्यादा पाळा.

एअर फिल्टर?

मूळ जाळीचा फिल्टर रस्त्यासाठी होता, धूळ तो अडवत नाही. ऑइल लावलेला फोमचा फिल्टर सीटखाली डब्यात बसवा आणि रबरी नळीने कार्बला जोडा. नळीच्या दोन्ही टोकांना क्लिपा हव्यात. नळी निसटली तर अर्ध्या शर्यतीत नवा बोअर संपतो.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंगमध्ये काय करावं?

डी१च्या सुरुवातीच्या फोर्कला डँपिंग जवळजवळ नाहीच, शर्यतीला तो बदललेलाच बरा. डी७च्या फोर्कला नवे बुश आणि सील घाला, नळ्या काचेवर लोळवून वाकडेपणा बघा आणि एसएई २० ऑइलने सुरुवात करा. तळाशी आपटत असेल तर ३०.

मागचे शॉक नवे घ्या. स्प्रिंग निवडताना स्वतःचं वजन सांगा. पूर्ण पोशाखात बसल्यावर चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं मागचं टोक खाली बसलं पाहिजे. स्विंगआर्मचे बुश बाजूला हलत असतील तर बाकी सगळं व्यर्थ.

स्टिअरिंगमध्ये सुटे छर्रे आहेत. कपात खड्डे पडले असतील तर हँडल सरळ असताना ‘खट्’ करून बसतं. कप आणि छर्रे एकत्र बदला, किंवा नियमांत बसत असेल तर टेपर रोलर घाला.

चाकं, टायर, ब्रेक?

पुढे ३.००-१९ किंवा २१ इंची रिम लावली असेल तर २.७५-२१, मागे ३.५०-१८ खडबडीत टायर. मागे ४.००चा बसवायचा मोह होतो, पण आधी चेन आणि स्विंगआर्मपासूनचं अंतर मोजा. हवा पुढे १२ ते १४, मागे १० ते १२ पीएसआय. इतक्या कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो, म्हणून दोन्ही चाकांना सिक्युरिटी बोल्ट (टायरची कड रिमला आवळून धरणारा) हवाच. नव्या स्पोकांची चाकं पहिल्या सरावानंतर पुन्हा ताणा.

ब्रेकचे नवे लायनर ड्रमच्या गोलाईला घासून घ्या. फक्त टोकं टेकत असतील तर साडेपाच इंचातला निम्मा ब्रेक वाया जातो.

काय काढायचं आणि काय बसवायचं?

काढायचं : लाइट, हॉर्न, स्टँड, मागचं सामानाचं कॅरिअर, मूळ मडगार्डांचा जड पत्रा.

बसवायचं : घडी पडणारे फूटरेस्ट, मूळ जागेपेक्षा मागे आणि थोडे वर. उभं राहिल्यावर गुडघे टाकीला लागले पाहिजेत आणि वजन पुढच्या चाकावर टाकता आलं पाहिजे. त्यांचे ब्रॅकेट फ्रेमला नीट वेल्ड करून घ्या, क्लँपवर भागत नाही. टोकाला गोळा असलेले लिव्हर, सोडल्यावर आपोआप बंद होणारा थ्रॉटल, मनगटाला दोरी बांधायचा कट-आउट, पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटला संरक्षण. तपासणीला गाड्या अडतात त्या बहुधा याच चारांवर.

नट-बोल्ट मेट्रिक पान्याने का बसत नाहीत?

कारण ते मेट्रिक नाहीत. बँटमवर सायकल आटा, म्हणजे इंचाला २६ वेटोळी, सोबत बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटा) आणि कुठे व्हिटवर्थ (ब्रिटिश जाड आटा). व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नाही. एकसारखा दिसणारा मेट्रिक बोल्ट दोन वेटोळी जातो आणि तिसऱ्याला अॅल्युमिनियमचा आटा खाऊन टाकतो. हलणाऱ्या जागी नायलॉक नट किंवा आटा-लॉक वापरा, ड्रेन प्लगला तार बांधा. हेडचे नट पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर तिरक्या क्रमाने पुन्हा आवळा.

ट्रायम्फ टायगर कबला हेच सगळं लागू पडतं का?

चाकं, गिअरिंग, फूटरेस्ट यांना हो. इंजिनला नाही. कब १९९ सीसीची, ६३ × ६४ मि.मी. फोर-स्ट्रोक, ऑइलची टाकी वेगळी. तिथे जीव ऑइलवर आहे. टायमिंगच्या बाजूचा बुश झिजला की क्रँककडे जाणारं ऑइल वाटेतच सांडतं आणि बिग-एंड उपाशी राहतो. ऑइल वारंवार बदला, टाकीकडे परत येणारी धार रोज बघा. चार गिअर हा मात्र तिचा मोठा फायदा.

शर्यतीच्या दिवशी सोबत काय न्यावं?

तीन प्लग, एक मेन जेट मोठा आणि एक लहान, चेनची जोडकडी आणि चेन तोडायचं हत्यार, क्लच आणि थ्रॉटलच्या केबली, पॉइंटचा संच, कंडेन्सर, फीलर गेज, दोन ट्यूब, १५ दात्यांचं पुढचं स्प्रॉकेट. गाडीवरच्या केबली चांगल्या असल्या तरी नव्या घ्यायच्या आणि त्यांच्या सोबतीने, आधीच मार्ग आखून, टाकीखाली टेपने बांधून ठेवायच्या. तुटली तर दोन मिनिटांचं काम.

शर्यतीनंतर गाडी कशी धुवावी?

मॅग्नेटोच्या कव्हरवर, कार्बवर आणि हबवर जोराचा फवारा मारू नका. धुतल्यावर मॅग्नेटोचं कव्हर काढून कोरडं करा, चेनला ऑइल द्या, ब्रेक ओढून धरत थोडं चालवून ड्रम वाळवा. गिअरबॉक्सचं ऑइल त्याच दिवशी गरम असताना काढा. ते दुधाळ आलं तर पाणी शिरलं आहे, किक शाफ्टचा सील आणि क्लच केबलचा मार्ग तपासा. ऑइलमध्ये चकाकणारे कण दिसले तर पुढची शर्यत धरण्याआधी केस उघडा.